कबर शोधायची तर मरणाच्या गावी जावे

अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे मोठमोठ्या कॅनव्हासवर उतरवून काढण्याचे काम १८४४ साली मेजर रॉबर्ट गिलवर सोपवले गेले. त्यात त्याच्या आयुष्याची कित्येक वर्षे गेली. चित्रे लंडनला पोहोचली आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक जळून गेली. तरीही हा माणूस अजिंठ्यालाच धरून राहिला. त्याची कबर अजिंठ्यातच असणार, असे कुणीही पैजेवर सांगेल. अजिंठा गावात एक कबर आहेही, पण ती त्याच्या प्रेयसीची, पारूची. आपल्या लाडक्या पारूच्या स्मरणार्थ हा दगड, ती २३ मे १८५६ रोजी गेली, एवढेच गिलने त्यावर कोरून घेतले. ना. धों. महानोरांनी याच कथेवर काव्य लिहिले, पुढे चित्रपटही आला, त्यामुळे त्या दगडाशी आता लोकांची पावले वळतात. गिल स्वतः मात्र तिथे नाही. १८७९ च्या एप्रिलमध्ये आजारी अवस्थेत भुसावळकडे निघालेला असताना तो वाटेतच गेला आणि भुसावळच्या युरोपियन दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली.

नामवंतांच्या कबरी शोधू पाहणाऱ्याने पहिला धडा गिलकडून घ्यावा. माणूस कुठे गाजला हे बाजूला ठेवून तो कुठे मेला ते आधी पाहावे. इथल्या उन्हात प्रेत ठेवणे शक्य नसे. बहुतेकांना त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पुरत. रेल्वे येईपर्यंत शव पन्नास मैल नेणे हेसुद्धा मोठे दिव्य होते. मुंबईचा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट याचे नाव मुंबईतल्या ग्रँट रोडला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजला लाभले, पण १८३८ च्या पावसाळ्यात तो वारला पुण्याजवळ दापोडीला. त्यामुळे त्याला पुणे लष्कर भागातल्या सेंट मेरीज चर्चमध्ये पुरले. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा डच अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हेडे १६९१ साली समुद्रप्रवासात, सुरतेच्या वाटेवर वारला. त्याची भव्य कबर सुरतेच्या डच दफनभूमीत आहे. गावाचा संस्थापक गावातच मेला असेल तर मात्र काम सोपे होते. पाचगणी वसवणारा जॉन चेसन तिथल्याच सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे.

या नियमाला अपवाद आहेत, आणि ते बहुधा पैशाचे, प्रतिष्ठेचे किंवा राजकारणाचे असतात. जॉन मिल्डनहॉल हा इंग्रज व्यापारी १६१४ मध्ये अजमेरला वारला, पण त्याला आग्र्याच्या कॅथलिक दफनभूमीत नेऊन पुरले. गोव्याच्या मुक्तिलढ्यातले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा १९५८ साली मुंबईत निवर्तले, तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. त्यांचे दफन मुंबईतच झाले. त्यांचे अवशेष पणजीच्या आझाद मैदानात यायला १९८६ साल उजाडले.

मरणाचे गाव कळले की दुसरा प्रश्न पंथाचा. एकाच शहरात अँग्लिकन, कॅथलिक, स्कॉटिश प्रेस्बिटेरियन आणि लष्करी अशा चार वेगळ्या दफनभूमी असू शकतात, आणि त्यांची कागदपत्रे चार वेगळ्या कपाटांत. आडनावावरून पंथ ओळखण्याच्या फंदात पडू नये. बाप्तिस्म्याची किंवा लग्नाची नोंद मिळाली तर ती जास्त भरवशाची. माणूस पलटणीत असेल तर पलटणीचा पाद्री कोण होता ते पाहावे. नोंद त्याच्या वहीत असते.

कागदांचा मार्ग लोकांना वाटतो तितका अवघड नाही. प्रत्येक चर्चमध्ये दफनाची नोंदवही असते: नाव, वय, हुद्दा किंवा धंदा, मृत्यूचे कारण, मृत्यूची आणि दफनाची तारीख, विधी करणाऱ्या पाद्र्याची सही. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या चर्चखात्याला या नोंदींच्या नकला लंडनला पाठवाव्या लागत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात आहेत. मुंबई इलाख्याच्या वह्या तिथे ‘एन/३’ या क्रमांकाखाली सापडतात. लंडनची वारी करायला नको. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्यांची सूची फुकट चाळता येते, फाइंडमायपास्टवर पैसे भरून मूळ पाने दिसतात, आणि ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांवर काम करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची शोधसूचीही खुली आहे. १९७६ साली स्थापन झालेली ‘बॅक्सा’ ही संस्था तर केवळ दक्षिण आशियातल्या युरोपियन दफनभूमींसाठीच आहे. विदर्भ आणि मराठवाड्याच्या वाचकांना क्रॉफ्टन नावाच्या अधिकाऱ्याच्या याद्या उपयोगी पडतील. मध्य प्रांत-वऱ्हाड आणि निजामाचे राज्य, दोन्हीकडच्या थडग्यांवरचे लेख त्याने गावोगावचे नोंदवले आहेत. त्याने नोंदवलेला दगड आज जागेवर नसेल, तरी मजकूर कागदावर शिल्लक आहे.

जिल्हा गॅझेटियर विसरू नयेत. कँपबेलच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या खंडांत ‘प्रेक्षणीय स्थळे’ या भागात गावच्या इंग्रजी कबरींचा उल्लेख ओळ-दोन ओळींत येऊन जातो. नाव, साल आणि ‘किल्ल्याच्या ईशान्येला’ अशी दिशा. एवढ्यावर निम्मे काम होते.

शोध मुंबईत असेल तर सुरुवात शिवडीपासून करावी. १८६० च्या दशकात, शहरातल्या जुन्या दफनभूमी भरून गेल्यावर, बागेसाठी राखलेल्या जागेवर ही दफनभूमी झाली. झाडी तेव्हापासूनच दाट. आता व्हिक्टोरिया टर्मिनसचा वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स (मृत्यू १९००) आणि गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुकार जॉर्ज विटेट (मृत्यू १९२६) एकाच आवारात आहेत. ज्यांच्या इमारतींसमोर रोज लाखो लोक उभे राहतात त्यांच्या कबरी शोधायला मात्र रखवालदाराला विचारावे लागते, हा मुंबईचा स्वभावच म्हणायचा. मराठी माणसाने इथे आवर्जून शोधावी अशी कबर जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा यांची. टिळकांचे सहकारी, १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. स्वराज्य आणि जन्मसिद्ध हक्क यांची सांगड टिळकांना यांनीच सुचवली, असे सांगितले जाते. माझगावच्या टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे. १९३० मध्ये ते गेले. त्यांच्या मानाने अलीकडचे म्हणजे कवी डॉम मोराइस, २००४ साली गेलेले. त्यांच्या कबरीवरची माती दुसऱ्या वर्षी इंग्लंडमधल्या ऑडकूम या गावी नेऊन पुरण्यात आली, त्यामुळे मोराइसांच्या वाचकाला दोन ठिकाणे पाहावी लागतात.

शिवडीसारख्या मोठ्या जागी नुसते नाव सांगून भागत नाही. दफनाची तारीख, पंथ आणि जमल्यास कबरीचा क्रमांक घेऊन जावे. कार्यालयातल्या वह्या तारखेप्रमाणे लागलेल्या असतात, नावाप्रमाणे नव्हेत. ‘स्टीव्हन्स नावाचे कुणी आहेत का’ या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. ‘मार्च १९०० ची वही दाखवता का’ या प्रश्नाला मिळू शकते. वही दाखवणे ही मेहेरबानी आहे हे लक्षात ठेवून आधी पत्र द्यावे, शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जावे आणि कुणाची अंत्ययात्रा येत असेल तर मुकाट्याने बाजूला व्हावे.

इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी. नोंद सापडली म्हणजे कबर सापडेलच असे नाही. मुंबईतल्या कॅथलिक दफनभूमींत कायमच्या कबरी थोड्या. बाकीच्या काही वर्षांनी उघडून तीच जागा पुढच्या मृतासाठी वापरतात आणि कुटुंबाची इच्छा असेल तर अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. त्याला तिथली माणसे ‘निश’ म्हणतात. जमिनीवर नाव मिळाले नाही तर भिंती वाचाव्यात. मुस्लिम कब्रस्तानांतही जागेची हीच टंचाई. जुहूच्या कब्रस्तानातल्या मोहम्मद रफी आणि मधुबाला यांच्या पक्क्या कबरी २०१० मध्ये नव्या दफनांसाठी काढून टाकल्या गेल्या. रफींचे चाहते जवळच्या नारळाच्या झाडावरून अजून ती जागा ओळखतात. झाड, विहीर, कुंपणाचा कोपरा अशा खुणा म्हणूनच टिपून ठेवायच्या. दगड निघून गेल्यावर त्याच उरतात.

स्मारक आणि कबर यांची गल्लत हीदेखील नेहमीची. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या भिंतींवर पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांची नावे आहेत, पण त्यांपैकी कुणाचाही देह तिथे नाही. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये मात्र दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आढळतात. १८११ साली वारलेला गव्हर्नर जोनाथन डंकन तिथेच पुरलेला आहे आणि त्याचे संगमरवरी स्मारकही तिथेच. पलीकडच्या कित्येक फलकांवरची माणसे समुद्रात किंवा दूरच्या छावणीत मेली. फलकावरच्या वाक्यात ‘इथे विसावला आहे’ असे आहे की ‘याच्या स्मरणार्थ’ असे, ते नीट वाचावे. सगळा फरक त्या दोन शब्दांत असतो.

सैनिकांच्या बाबतीत कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची शोधसूची हे अर्धे उत्तर आहे. पुण्यात खडकीला त्यांची दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या छावण्यांत कबरींची कायमची देखभाल शक्य नव्हती तिथल्या कबरीही खडकीला हलवल्या गेल्या, तेव्हा दुसऱ्या एखाद्या छावणीत वारलेल्या सैनिकाची कबर त्या गावात सापडली नाही तर खडकीची यादी पाहावी. ज्यांची कबरच नाही त्यांची नावे स्मारकांवर कोरलेली असतात. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत इटलीत लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे.

प्रत्यक्ष जागेवर जायला हिवाळा उत्तम. पावसाळ्यात गवत कमरेएवढे होते आणि त्यात साप असतात. पूर्ण बूट आणि हातात काठी हवीच. जुन्या छत्र्या आणि घुमट पोकळ झालेले असतात, त्यांवर चढू नये, टेकूही नये. वेळ सकाळी लवकरची किंवा उन्हे कलल्यावरची निवडावी. डोक्यावरच्या उन्हात झिजलेली अक्षरे सपाट दिसतात, तिरप्या उन्हात उठून येतात. सावलीत असाल तर एकाने मोबाइलचा दिवा दगडाच्या कडेला अगदी आडवा धरावा आणि दुसऱ्याने वाचावे.

अक्षरे दिसावीत म्हणून त्यांवर खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळणारे उत्साही लोक असतात. तारेचा ब्रश आणि आम्लाची बाटली घेऊन येणारे तर त्याहून वाईट. दगड एकदा सोलला गेला की पुन्हा भरून येत नाही. परवानगी घेऊन साधे पाणी आणि मऊ ब्रश, एवढेच चालेल. पापुद्रे सुटलेल्या दगडाला तेही नको. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेण्याची जुनी पद्धतही अशा दगडावर टाळावी. त्यापेक्षा निरनिराळ्या उजेडात काढलेले चार फोटो अधिक सांगतात.

संगमरवरावर पुष्कळदा शिशाची अक्षरे बसवलेली असत. शिसे गळून पडते किंवा कुणीतरी उचकटून नेते, आणि मागे बारीक भोके राहतात. ती निरर्थक नसतात. प्रत्येक अक्षराच्या खुंट्या ठरावीक जागी असल्यामुळे भोकांच्या मांडणीवरून नाव जुळवता येते; वेळ लागतो, पण जमते. संक्षेपांची सवय करून घ्यावी. ‘एच.ई.आय.सी.’ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी, ‘एन.आय.’ म्हणजे देशी पायदळ. मधोमध तुटलेला खांब दिसला तर आयुष्य अर्ध्यात संपल्याची ती खूण. वय कधी वर्षे, महिने, दिवस असे दिलेले असते. त्यावरून उलट हिशेब करून जन्मतारीख काढता येते आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ताडता येते.

गावातली माणसे काय म्हणतात तेही ऐकावे, आणि तपासावे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट १७७९ च्या ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने पडला. दोन आठवड्यांच्या आत वडगावला इंग्रजांची शरणागती झाली. शत्रूच्या गोटातल्या या धाडसी माणसाला मराठ्यांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि वडगाव मावळातल्या त्याच्या थडग्याला लोक अजून मान देतात. तिथे जाऊन ‘कॅप्टन स्ट्युअर्टची कबर कुठे’ असे विचारले तर माणसे एकमेकांकडे पाहतील. ‘इष्टुर फाकड्याचं थडगं’ म्हटले की बोट दाखवतील. मात्र ‘साहेबाचं थडगं’ म्हणून दाखवलेली प्रत्येक कबर सांगितलेल्याच साहेबाची असते असे नाही. नोंदवही, दगड आणि त्या काळचे वर्तमानपत्र, या तिघांपैकी दोघांची साक्ष जुळल्याशिवाय नाव पक्के करू नये. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ १८३८ पासून, आधी ‘बॉम्बे टाइम्स’ या नावाने, मृत्युवार्ता छापत आला आहे. मोठ्या ग्रंथालयांत जुने अंक पाहता येतात.

महाराष्ट्राबाहेरच्या प्रवासातही वाट थोडी वाकडी करण्याजोग्या कबरी आहेत. ताजमहाल पाहायला गेलेला मराठी पर्यटक आग्र्याच्या, मिल्डनहॉलला जिथे पुरले त्याच, कॅथलिक दफनभूमीत सहसा फिरकत नाही, आणि तिथला लाल दगडाचा छोटा ताज त्याच्या नजरेतून सुटतो. तो आहे जॉन हेसिंगचा. हा डच माणूस महादजी शिंद्यांच्या फौजेत आला, शिंद्यांच्या वतीने आग्र्याचा किल्ला सांभाळला आणि १८०३ मध्ये तिथेच वारला. थडगे त्याच्या बायकोने बांधून घेतले. इतिहासाच्या पुस्तकात शिंद्यांच्या कवायती फौजेवर जी दोन पाने असतात त्यांतला एक माणूस इथे दगडात भेटतो.

सुरतेत कतारगाम दरवाजाच्या बाजूला इंग्रजांची दफनभूमी आहे. तिथल्या सर्वांत दिमाखदार घुमटाखाली सर जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर दोघेही आहेत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा हाच जॉर्ज. १६६९ साली तो वारला. पुढच्या वर्षीची दुसरी स्वारी त्याला पाहावी लागली नाही. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी आहे. मराठीचे छापील व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) करणारा हा बाप्टिस्ट पाद्री १८३४ मध्ये गेला. त्याची कबर कॉलेजच्या आवारात नसून मिशनच्या वेगळ्या दफनभूमीत आहे, हे आधीच माहीत असलेले बरे. यांतली काही ठिकाणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. तिथे मोबाइलने फोटो काढणे वेगळे आणि तिपाई लावून चित्रीकरण करणे वेगळे. दुसऱ्यासाठी लेखी परवानगी लागते. लष्करी हद्दीत तर कॅमेरा बाहेर काढण्याआधी विचारावे.

फोटो काढताना तीन तरी काढावेत: पूर्ण कबर, लेखाचा जवळून, आणि मागे फाटक किंवा झाड येईल असा लांबून. फोटोसोबत नकाशावरचे स्थान आणि तारीख जतन करावी. दगडावरचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट, उतरवावा. न वाचता आलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे द्यावीत, अंदाज भरू नये. अलीकडच्या, ज्यांचे नातेवाईक हयात आहेत अशा खाजगी कबरींचे फोटो मात्र इंटरनेटवर टाकू नयेत. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कुटुंबे कबरी धुऊन फुले-मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी दफनभूमी सर्वांत स्वच्छ असते, पण ती त्यांची वेळ आहे. वाचन करायचे तर आणखी दोन-तीन दिवसांनी जावे. गवत काढलेले असते आणि गर्दी नसते.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी एक पत्ता. डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे, म्हणजे आनंदीबाईंच्या ‘मावशीं’कडे, पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी रूरल सिमेट्रीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे. आवार विस्तीर्ण आहे, म्हणून आधी कार्यालयात जाऊन ‘कार्पेंटर कुटुंबाचा भूखंड’ विचारावा आणि नकाशावर खूण करून घ्यावी. नुसते ‘जोशी’ सांगितले तर वेळ जाईल. डिसेंबर ते मार्च तिथे बर्फ असते. एप्रिलनंतरचा कामकाजाचा दिवस धरावा.